मिनवरचा हौद

तुर्दुखान आपा गेली ती ऐन जर्दाळूच्या दिवसांत. ओसरीवर, गच्चीवर, खाटेखाली, जिथे बघावं तिथे फळं वाळत पडलेली, आणि त्यातून वाट काढत माणसं रडायला यायला लागली. कुम-साय गावात रडण्याची कुणाला अडचण नव्हती. अडचण होती जागेची. म्हातारीसाठी युर्त उभारायची कुठे?

नमद्याची ती गोल, तंबूसारखी युर्त अंगणातच उभी राहायला हवी. त्यात पडद्याआड मयताला निजवायचं, सुना-लेकींनी आत भिंतीच्या लाकडी जाळीकडे तोंड करून बसायचं, लेकांनी बाहेर काठीवर वाकून हंबरडा फोडायचा. गरीब असो, श्रीमंत असो, याला फाटा नाही. पण आपाच्या घराला अंगणच उरलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून पाऊल टाकलं की दोन हातांवर काँक्रीटची भिंत, आणि भिंतीपलीकडे हौद.

आणि हा हौद बांधला होता आपाच्याच थोरल्या सुनेने.

मिनवर जिल्ह्याच्या पूरनियंत्रण खात्यात इंजिनियर होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलं बिश्केकला, आणि ही एकटी धाकट्या दिराच्या घराला लागूनच्या दोन खोल्यांत राहायची. पूर्वी या सायीतून, म्हणजे त्या कोरड्या खडकाळ ओढ्यातून, चिखलाचा लोंढा यायचा तो वसंतातल्या पावसात, तोही क्वचित. म्हातारी माणसं आभाळ बघून सांगायची, आज जनावरं वर बांधा. आता आभाळ बघून काही उपयोग नाही. वरचा बर्फ सुटतो, डोंगराच्या कुशीत तळी साचतात, आणि लखलखीत उन्हात, बोटभर ढग नसताना, तळ्याचा बांध फुटून दगडमातीची भिंत खाली येते. हमरस्त्याखालची जुनी मोरी आजोबांच्या काळच्या पाण्याच्या मापाची. ती दोनदा तुंबली, दुसऱ्या वेळी शाळेची एक भिंत गेली. तेव्हा मिनवरने कागद रंगवले, वरिष्ठांची डोकी खाल्ली, मोरी फोडून उंच पूल बांधून घेतला आणि पुलाच्या वरच्या अंगाला हा रुंद हौद खणला, लोंढ्याने आपले धोंडे तिथे टाकावेत आणि पुढे निमूट जावं म्हणून.

हौदाला जमीन लागते. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला सासरचं अंगण. मिनवरने अंगणावर सही केली. आपाची जर्दाळूची झाडं तोडली त्या दिवशी म्हातारी खिडकीत बसून होती, आणि त्यानंतर ती सुनेशी मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. बोलायचं झालंच तर भिंतीशी बोलायची. मिनवर समोर बसलेली असताना म्हणायची, "त्या बाईला विचारा कुणीतरी, चहात साखर घालू का." मिनवर भिंतीलाच सांगायची, "घाला म्हणावं." बघणाऱ्यांना हसू यायचं. त्या दोघींना नाही यायचं.

तर युर्तीचा प्रश्न निघाला तेव्हा धाकट्या लेकाने, तोलोनने, सरळ हौदाकडे बोट दाखवलं.

"तिथे."

"भाऊजी, ती काय जागा आहे? तिथे थांबू नका म्हणून पाटी लावलीय," मिनवर म्हणाली.

"पाटी तू लावलीस. तूच काढ."

"लोंढा आला म्हणजे?"

"येऊ दे की. ते आपाचं अंगण आहे, वहिनी. झाडं तिथे होती, तिची खाट तिथे असायची. तू काँक्रीट ओतलंस म्हणून काय ते तुझं झालं? एक रात्र. उद्या दुपारी कालीपा आली की उचलू."

कालीपा म्हणजे आपाची एकुलती एक लेक. कझानला शिवणकामाच्या कारखान्यात होती, मिळेल त्या विमानाने ओशला उतरून टॅक्सीने येणार होती. आईचं तोंड बघायला द्या, तोवर माती देऊ नका, एवढंच ती फोनवर परत परत सांगत होती.

मिनवरला नाही म्हणायला हवं होतं. याच हौदाच्या काठावर उभं राहून तिने अख्ख्या गावाला ऐकवलं होतं, की बाबांनो, निरभ्र आभाळावर भरवसा ठेवू नका. पण त्या उन्हाळ्यात ती इतकी दमली होती! दोनदा धोक्याचा भोंगा वाजवला होता, दोनदा माणसं अंथरुणं-पांघरुणं घेऊन टेकाडावर पळाली होती, आणि दोन्ही वेळा पोटरीभर चिखल येऊन गेला होता. तेव्हापासून बाजारात गेलं की पोरंटोरं तोंडाने भोंगा वाजवायची. वरिष्ठ विचारायचे, एवढा खर्च केला तो कशासाठी. आणि घरात ही म्हातारी, भिंतीशी बोलणारी. भांडायला लागणारं बळच तिच्यात उरलं नव्हतं. तिने वर पाहिलं. आभाळ कसं धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

"उभारा," ती म्हणाली.

आता बोला! जिने पाटी लावली तिनेच ती उपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की नमद्याला हात लावला तर पोळावं. युर्तीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. पडद्याआड आपा निवांत. मिनवर जाळीकडे तोंड करून, डोक्यावर पांढरा रुमाल, इतरांच्या आवाजात आवाज मिसळत होती. कालीपाचा फोन येऊन गेला होता, टॅक्सी शेवटची खिंड उतरत होती. तेवढ्यात मिनवरच्या झग्याच्या खिशात फोन थरथरला. शेजारी बसलेल्या तोलोनच्या बायकोने डोळे वटारले. मयताजवळ फोन! मिनवरने तो तरीही काढला, कारण नाव ओस्मोनचं होतं. ओस्मोन म्हणजे वर तळ्यावर बसवलेला राखणदार.

"ताई, बांध सुटला," तो धापा टाकत म्हणाला. "या खेपेला लहान नाही. मोठ्ठं भगदाड पडलंय. मी वर चढून बसलोय."

"किती वेळ आहे?"

"तासभर धरा. धरू नका खरं तर."

मिनवर उठली. रडणं मध्येच तुटलं. कुणीतरी म्हणालं, "बसली असती ना आजचा दिवस." ती कुणाकडे न बघता बाहेर आली, आधी पुलाजवळच्या चौकीत जाऊन भोंगा चालू केला, पुलाच्या या टोकाचं फाटक, म्हणजे आडवा दांडा, खाली पाडलं, पलीकडच्या टोकाला बसणाऱ्या नूरदीनला फोनवर तिकडचं पाडायला सांगितलं, आणि तशीच धावत हौदात परत उतरली.

भोंगा बोंबलत होता आणि बाहेर काठ्यांवर वाकलेले पुरुष मान वर करून आभाळ बघत होते.

"ढग कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"ढग वहिनीच्या फोनमध्ये असतो," दुसरा म्हणाला. दोघे-तिघे हसले, मग मयताची आठवण होऊन पुन्हा काठीवर वाकले.

तोलोन पुढे आला. कंबरेला शोकाचा पट्टा, डोळे सुजलेले. "बंद कर तो भोंगा. आज तरी."

"भाऊजी, तळं फुटलंय. आपाला इथून हलवा. आत्ताच्या आत्ता."

"कुठे हलवू?"

"वर. रस्त्यावर. कुठेही."

"तुला कळतंय का काय बोलतेस? मयताला युर्तीतून एकदा बाहेर काढलं की मध्ये कुठे टेकवायचं नाही. टेकवलं तर घरातलं आणखी माणूस जातं. उचललं की थेट कबरीकडे. मग कालीपा येईल, तिला काय दाखवू मी? मातीचा ढीग?"

"आणि लोंढ्यात वाहून गेली तर काय दाखवणार आहात?"

"दोनदा वाजवलास भोंगा! दोनदा काय आलं? चिखल! एवढा एवढा!" त्याने बोटांनी दाखवलं. "अंगण घेतलंस, झाडं घेतलीस, आता तिला शेवटचं पडूही देणार नाहीस का गं?"

हे मात्र मिनवरच्या वर्मी लागलं. तिला वाटलं, इथेच काँक्रीटवर फतकल मारून बसावं आणि म्हणावं, राहा, राहा सगळे इथेच, मीपण राहते. पण शाळेतल्या त्या पडलेल्या भिंतीखालचं दप्तर तिने स्वतःच्या हाताने उपसून काढलं होतं. ती बसली नाही.

"मुल्लासाहेब," ती वळून म्हणाली, "मयताला युर्तीतून काढायचं नाही. बरोबर?"

"किताबात असं काही नाही," मुल्ला चाचरत म्हणाले. "पण लोक मानतात."

"मानू देत. युर्त हलवायची नाही, असंही मानतात का?"

मुल्लांनी दाढी खाजवली. "असं कधी ऐकलं नाही बुवा."

"मग युर्त उचला. तिच्यासकट. कुरणावर नाही का उचलत, खालची जमीन ओली झाली की? आतून जाळी धरायची आणि चालायचं. आपा बाहेर पडणारच नाही. तिचं घरच चालेल तिच्याबरोबर."

तोलोनने हातातली काठी टाकली.

"दोर सोडा!" तो ओरडला. "बाहेरचे दोर सोडा रे! मुरब्बी माणसं आत या. बायकांनो, मध्ये सरका. आपाच्या ताटीला हात लावायचा तो मी आणि काकाच्या पोरांनी. टेकली तर याद राखा!"

पुरुष आत घुसले. एरवी जिथे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही अशा बायकांच्या घोळक्यात, 'सरक गं बाई', 'पाय बघ माझा' असं करत प्रत्येकाने जाळी धरली. एकाने हाळी दिली आणि आख्खी युर्त जमिनीपासून गुडघाभर वर उठली. खालून नुसते पाय दिसत होते, बुटांचे, रबरी जोड्यांचे, बायकांच्या चपलांचे. मध्ये ताटी उचललेली, भोवती रडणाऱ्या बायका. चालता चालता त्यांनी रडणं सोडलं नव्हतं, उलट आता खरं रडू आलं होतं. हौद साफ करायला यंत्र उतरतं तो उतार मिनवरनेच आखलेला. त्यावरून ती युर्त डुलत, अडखळत वर निघाली. मध्यावर पुढची माणसं घसरली, जाळी करकरली, तोलोनने आत शिवी हासडली आणि लगेच अल्लाची माफी मागितली. रस्त्यावर थांबलेले ट्रकवाले धावत आले आणि मागून खांदे लावले. पुलाच्या अलीकडे, हमरस्त्याच्या डांबरावर, त्यांनी युर्त उतरवली. ताटीही तेव्हाच टेकली, घरात टेकावी तशी.

सगळे हाशहुश करत घाम पुसत असतानाच आवाज आला. आधी तो दूर कुणी जड कपाट ओढत असल्यासारखा वाटला. मग वास, ओल्या मातीचा, थंड, भर उन्हात. मग सायीच्या वळणावर धूळ उठली आणि धुळीमागून तपकिरी भिंत आली. तिच्यात गाडीएवढाले धोंडे होते आणि ते पाण्यात पडल्यासारखे नाही, पाण्याच्या पुढे पळत होते. हौद भरायला फार वेळ लागला नाही. आपाची युर्त जिथे घटकाभरापूर्वी उभी होती तिथे एक धोंडा येऊन थांबला, त्यावर दुसरा चढला, मग दोन्ही चिखलाखाली गेले. उरलेला लोंढा पुलाखालून पुढे धावला आणि पूल असा थरथरला की अलीकडे उभ्या माणसांच्या पायांना ते जाणवलं.

भोंग्याची नक्कल करणारी पोरं बापांचे हात धरून मागे सरकली.

आणि तेव्हाच पलीकडच्या टोकाला एक टॅक्सी येऊन थांबली. कालीपा उतरली. नूरदीनने फाटकापाशी तिला अडवलेलं इकडून दिसत होतं. तिने आधी लोंढा बघितला, मग रस्त्याच्या मधोमध उभी असलेली युर्त बघितली, आणि तिचा हंबरडा इतक्या गोंगाटातूनही अलीकडे पोचला.

"फाटक उघड," तोलोन म्हणाला.

"नाही."

"वहिनी, ती समोर आहे. दोन मिनिटांची वाट."

"खांबावरच्या खुणेच्या खाली पाणी गेल्याशिवाय पुलावर माणूस नाही. मागून दुसरी लाट येते भाऊजी. कधीकधी पहिलीपेक्षा मोठी."

"खुणेच्या खाली कधी जाईल?"

"काय सांगू? रात्र होईल."

मुल्ला मध्ये पडले. या उन्हात दुसरी रात्र ठेवणं मयताचे हाल करण्यासारखं आहे, ते म्हणाले, दिवस मावळायच्या आत माती द्यायलाच हवी, लेकीला दिसो न दिसो. तोलोन ऐकत होता आणि बघत होता मिनवरकडे. या वेळी तो ओरडला नाही.

"तुझा तुझ्याच पुलावर भरवसा नाही?" तो म्हणाला. "मग आपाचं अंगण कशाला घेतलंस, वहिनी?"

मिनवरकडे याला उत्तर होतं. नियम असा एका पुलासाठी नसतो, एका माणसासाठी नसतो, हे तिने शंभरदा शंभर लोकांना समजावलं होतं. आज तेच पुन्हा बोलायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं. तिने ओस्मोनला फोन लावला. तळं जवळजवळ रिकामं दिसतंय, तो म्हणाला, पण धूळ आहे ताई, शपथ घेणार नाही. तिने कठड्यावरून वाकून पाणी बघितलं. उतरत होतं, हळू, फार हळू.

"इथून कुणी हलायचं नाही," ती तोलोनला म्हणाली. "तुम्हीसुद्धा." आणि फाटकाखालून वाकून पुलावर गेली.

जाताना तिला भीती वाटली, अगदी सरळ भीती. पायाखाली दगडांचं गडगडणं होतं. कागदावर हा पूल तिने कितीतरी वेळा तपासला होता, पण त्यावर अशा वेळी उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. पलीकडे पोचल्यावर कालीपा तिच्या गळ्यात पडली आणि दोघी मोठ्याने रडल्या, जशा रडतात तशा. कालीपाच्या अंगावर प्रवासाचा घामट कोट, पायात शहरी उंच टाचा.

"जोडे काढा, वन्सं. हात द्या. काही झालं तरी सोडू नका."

"तू अजून हुकूमच सोडतेस," कालीपा हुंदक्यातून म्हणाली आणि जोडे काढले.

पुलाच्या मध्यावर एक धोंडा खांबाला आपटला. धक्का टाचेतून थेट दातांपर्यंत आला. दोघी जागच्या जागी खिळल्या.

"पडेल?" कालीपाने विचारलं.

"पडू नये."

"पडू नये म्हणजे काय?"

"म्हणजे मी बांधलाय. चला."

त्या पोचल्या. कालीपा अनवाणीच युर्तीत धावली आणि आतून जो आवाज उठला त्याने ट्रकवाल्यांनीही टोप्या काढल्या. मिनवरने वळून, कालीपासाठी उघडलेल्या फाटकाची कडी पुन्हा लावली. ती फाटकाच्या खांबाला टेकून पाण्याकडे बघत राहिली, कारण कुणीतरी बघायला हवं होतं.

मागे नमाज झाला, ताटी युर्तीच्या दारात, आतल्या अंगालाच ठेवून. ट्रकवालेही रांगेत उभे राहिले. मग ताटीपाशी उभं राहून तोलोनने, लेकाने विचारायचं ते, जमलेल्या माणसांना विचारलं.

"आमच्या आईने कुणाला दुखावलं असेल, कुणाला टोचून बोलली असेल, तर मनात ठेवू नका. तुम्ही तिच्यावर राजी आहात का?"

"राजी!" सगळे म्हणाले. "भली बाई होती. राजी!"

हे विचारतात ते जिवंत माणसांना. मयताला कुणी विचारत नाही, की बाई, तू कुणावर राजी आहेस. मिनवरला हे ठाऊक होतं, आणि तरी तिथे पाठमोरी उभी असताना ती वेड्यासारखी वाट बघत होती, की कुणीतरी विचारावं, एकदाच.

ताटी उचलली गेली नाही. मागे अचानक शांतता झाली तशी तिने वळून पाहिलं. सगळे पुरुष तिच्याकडे बघत होते. तोलोन ताटीच्या पुढच्या दांड्यापाशी उभा होता.

"वहिनी," त्याने हाक मारली, "तू बोलली नाहीस."

"काय?"

"आपाने तुला सगळ्यांत जास्त दुखावलं. तीन वर्षं भिंतीशी बोलली. तू राजी आहेस का तिच्यावर? तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उचलणार नाही."

इतकी वर्षं आपणच गुन्हेगार म्हणून ती त्या घरात वावरली होती. चहाची साखरही तिने गुन्हेगारासारखी भिंतीकडे मागितली होती. कुणी तिची माफी मागेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"राजी आहे," ती म्हणाली. लोंढ्याच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने, वहिनी!"

"राजी आहे!" ती ओरडली. "राजी आहे रे! घेऊन जा तिला!"

त्यांनी ताटी खांद्यावर घेतली आणि टेकाडावरच्या कबरस्तानाची वाट धरली. बायकांनी मागून जायचं नसतं. मिनवर फाटकाच्या दांड्यावर डोकं टेकून ढसाढसा रडत राहिली, आणि मधूनमधून मान वर करून बघत राहिली, पाणी कुठवर उतरलं ते.